कडुलिंब आणि देवदार

पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी हे गाव पर्जन्यछायेत वसले आहे. १९७५ नंतर गावकऱ्यांनी कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळून तेथील उघडे माळ हिरवे केले. अशा कोरड्या माळावर कडुलिंब वाढतो. हिमालयातील देवदार मात्र तगत नाही. असे का बरे? जमीन गोठली की मुळांना पाणी मिळेनासे होते. तेव्हा देवदाराची सुईसारखी, मेणचट पाने ओलावा राखतात. परंतु वैशाखातील झळा त्याला सोसत नाहीत. कडुलिंबाची पाने पसरट. त्यांतून ओलावा लवकर उडतो. म्हणून उन्हाळ्याच्या तोंडाशी तो जुनी पाने टाकतो आणि चैत्राच्या सुमारास पुन्हा पालवतो. त्याचे बी लिंबोळीत झाकलेले असते. देवदाराचे शंकूच्या खवल्यांवर उघडेच. कोकणातील सुरू मात्र पुष्कळांना फसवितो! त्याच्या सुया म्हणजे बारीक हिरव्या डहाळ्या होत. कडुलिंबाप्रमाणे तोही फुले धरणारा वृक्ष आहे.