अर्ध्या माश्या उडाल्या, आता पेटीचे काय?

प्रश्न : परसातल्या सातेरीच्या पेटीतून फाल्गुनात अर्ध्या माश्या उडून गेल्या. पेटी त्यांना मानवली नाही का? – एक वाचक, वाई

उत्तर : घाबरू नका. वसाहत भरभराटीला आली की फुटतेच. जुनी राणी बऱ्याच माश्यांसह निघते, मागे नवी राणी तयार होते. तीन आठवड्यांनी ताजी अंडी दिसली, की राणी कामाला लागली समजा.

पुढच्या वसंतात गर्दी होण्याआधीच मधाचा वरचा कप्पा चढवा. दर आठवड्याला पोळ्याच्या खालच्या कडेला लोंबणारे राणीचे कोष शोधा. दिसले, तर जुन्या राणीला काही चौकटींसह दुसऱ्या पेटीत हलवा. पिलांच्या पोळ्यातला मध मात्र काढू नका. मार्गदर्शनासाठी महाबळेश्वरचे मध संचालनालय जवळच आहे. २०२२मध्ये ‘मधाचे गाव’ झालेले मांघरही पाहून या.