बैजिक राशींचे मूल्य व त्यांचे सरळ रूप

अज्ञात संख्येच्या जागी अक्षर योजण्याची रीत आपल्या देशात जुनी आहे. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात रचलेल्या 'बीजगणित' या ग्रंथात पहिल्या अज्ञात राशीस 'यावत्तावत्' अशी संज्ञा आहे. त्यापुढील अज्ञातांस कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे दिली आहेत. लिहिताना या नावांची आद्याक्षरे घेत आणि ऋण संख्येच्या डोक्यावर बिंदू देत. 'यावत्तावत्' म्हणजे 'जितके असेल तितके'. ही संज्ञा मोठी मार्मिक आहे. कारण अक्षराची किंमत ठरलेली नसते, आणि तरीही त्यावर गणिताच्या क्रिया करता येतात.

पुढील राशी पाहा :

३(क − २) − २(क − ५)

क = ७ घेतल्यास पहिला कंस ५ होतो व दुसरा २; म्हणून राशीचे मूल्य १५ − ४ = ११ येते. यास मूल्य काढणे म्हणतात. परंतु क ची किंमत न देताही कंस सोडविता येतात. ३क − ६ − २क + १०, आणि सजातीय पदे एकत्र केली असता क + ४. हे त्या राशीचे सरळ रूप होय. क = ७ साठी तेही ११ च देते.

येथे पुष्कळ विद्यार्थी − २ ने − ५ ला गुणून − १० लिहितात आणि क − १६ हे उत्तर देतात. दोन ऋणांचा गुणाकार धन असतो, हा नियम ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्येच सांगून ठेवला आहे. तरी चूक होतेच! ती पकडण्याचा उपाय मात्र सोपा आहे. चुकीच्या उत्तरात क = ७ घातल्यास − ९ येतात, ११ येत नाहीत. सरळ रूप याचा अर्थच असा की, क ची कोणतीही किंमत घेतली तरी मूळ राशी व नवी राशी यांचे मूल्य एकच आले पाहिजे. एका ठिकाणी जरी फरक पडला, तरी उत्तर चुकले हे सिद्ध झाले.

मग एका ठिकाणी मूल्ये जुळली, तर उत्तर बरोबर ठरते काय? नाही. (क + २) चा वर्ग म्हणजे क × क + ४, असे कोणी लिहिले आणि पडताळ्यासाठी क = ० घेतले, तर दोन्हींकडे ४ येतात व चूक झाकली जाते. क = १ घेताच एकीकडे ९ आणि दुसरीकडे ५ मिळतात. पडताळ्यास शून्य घेणे सोयीचे खरे, पण म्हणूनच ते फसवे. क × क आणि २क या राशी तर ० व २ या दोन्ही किमतींस जुळतात.

किती ठिकाणी जुळल्या म्हणजे पुरे, याचे निश्चित उत्तर आहे. दोन्ही राशींत वर्गापेक्षा वरचा घात नसेल, तर तीन निरनिराळ्या किमती पुरतात. कारण त्यांची वजाबाकी केल्यास तीही जास्तीत जास्त वर्गाची राशी असणार, आणि अशी राशी दोहोंपेक्षा अधिक ठिकाणी शून्य होत असेल तर तिचे सर्व सहगुणकच शून्य असले पाहिजेत. घनाच्या राशींस चार किमती लागतात, आणि पुढे याच क्रमाने.

राशीचे मूल्य नेहमी मूळ संख्या येते काय, अशा प्रश्नास मात्र हा आधार नाही. ऑयलर या गणितज्ञाने १७७२ साली पुढील राशी दाखवून दिली :

न × न − न + ४१

न = १ पासून मूल्ये काढीत जावे. ४१, ४३, ४७, ५३, ६१, ७१, ८३ अशा संख्या मिळतात. यांपैकी प्रत्येकीस १ व ती स्वतः यांवाचून दुसरा विभाजक नाही. न = १० ला १३१ आणि न = ४० ला १६०१; याही मूळ संख्याच. लागोपाठ चाळीस वेळा हाच अनुभव आल्यावर, ही राशी नेहमी मूळ संख्याच देते असे कोणास वाटणार नाही? परंतु मूल्ये काढण्याचे थांबवून राशीकडेच पाहावे. न = ४१ घेतल्यास − ४१ + ४१ ही पदे परस्परांस छेदतात आणि ४१ × ४१, म्हणजे १६८१, एवढेच उरते. राशी न(न − १) + ४१ अशी मांडली, तर न = ४२ चेही उत्तर गुणाकार न करता दिसते : ४२ × ४१ + ४१, अर्थात ४१ × ४३.