भूमीचे वाचन

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याची राजधानी मॅडिसन. तेथे मेंडोटा सरोवराच्या काठी त्या राज्याचे सार्वजनिक विद्यापीठ आहे. १९३३ साली या विद्यापीठात एक नवे अध्यासन निर्माण झाले. रानातील पशुपक्ष्यांचे संवर्धन कसे करावे, हा त्याचा विषय. आणि त्याचे प्राध्यापक होते आल्डो लिओपोल्ड.

लिओपोल्ड मूळचे वनाधिकारी. लांडगे कमी झाले की हरणे वाढतील, अशी त्या काळी सर्वत्र समजूत होती. तारुण्यात त्यांनीही लांडगे मारले. पुढे त्यांनी पाहिले, की जेथे लांडगा उरला नाही तेथे हरणे बेसुमार वाढली, त्यांनी झाडेझुडपे ओरबाडून खाल्ली आणि अखेर ती उपासमारीने मेली. माती, पाणी, वनस्पती आणि प्राणी ही एकच वीण आहे. तिच्यातील एक धागा वेगळा काढून राखता येत नाही, हे त्यांना कळून चुकले. विद्यापीठात ते हेच शिकवीत.

त्यांची शिकवण्याची रीत निराळी होती. विद्यार्थ्यांना घेऊन ते शेतांतून व रानांतून हिंडत. बांधावर कोणते तण माजले आहे, ओढ्याचे पाणी गढूळ का, बुंध्यावर जुन्या वणव्याचा डाग आहे काय, यावरून त्या जमिनीचा पूर्वेतिहास विद्यार्थ्यांनी ओळखायचा. नुसती घोकंपट्टी येथे काय कामाची?

१९३४ साली विद्यापीठाने शहरालगत एक वृक्षोद्यान स्थापन केले. अशा उद्यानांत बहुधा देशोदेशींची झाडे लावतात. येथे मात्र नांगर येण्यापूर्वी विस्कॉन्सिनची भूमी जशी होती, तशी ती पुन्हा घडवावी, असा संकल्प लिओपोल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. पूर्वी त्या प्रदेशात उंच गवताची विस्तीर्ण माळराने होती; त्यांना प्रेअरी म्हणतात. शेतीमुळे ती जवळजवळ नाहीशी झाली होती. १९३५ पासून बेकार तरुणांच्या सरकारी पथकांनी उरल्यासुरल्या माळांवरून गवत मुळे व माती यांसकट खणून आणले आणि एका जुन्या शेतात लावले.

परंतु बाहेरून आलेले गवत तेथून हटेना. १९४० नंतरच्या दशकात संशोधकांनी प्रयोग करून पाहिले, तेव्हा उपाय सापडला तो अग्नीचा! ठरावीक काळाने माळ जाळला, की परके गवत मागे हटते आणि खोल मुळांचे देशी गवत जोमाने फुटते. तेथील मूळ रहिवासी पूर्वी मुद्दाम माळ पेटवीत. ज्या आगीला सारे शत्रू मानीत, तिनेच माळ राखला होता.

हाच पाठ लिओपोल्ड यांनी घरीही गिरवला. १९३५ साली त्यांनी विस्कॉन्सिन नदीकाठचे एक निकस, सोडून दिलेले शेत विकत घेतले. तेथे कोंबड्यांचे एक खुराडे तेवढे उभे होते. त्याचीच झोपडी करून सारे कुटुंब सुट्टीत तेथे राही. १९३६ साली लावलेली पाइनची बहुतेक रोपे अवर्षणाने करपली. पुढच्या वसंतात आईवडील व पाच मुले पुन्हा रोपे लावू लागली. कोणते फूल कधी उमलले, कोणता पक्षी कधी परतला, याची लिओपोल्ड तारीखवार नोंद ठेवीत.

१९३९ साली विद्यापीठात या विषयाचा स्वतंत्र विभाग निघाला आणि त्याची धुरा लिओपोल्ड यांच्याकडे आली. २१ एप्रिल १९४८ रोजी त्यांच्या शेताशेजारी गवताला आग लागली. ती विझवण्यास ते धावले आणि हृदयविकाराच्या झटक्याने तेथेच त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते ६१ वर्षांचे होते.

पुढे त्यांची कन्या नीना त्या भूमीवर परत आली आणि १९७६ पासून तिने वडिलांप्रमाणेच नोंदी ठेवल्या. दोघांच्या नोंदी ताडून पाहणारा शोधनिबंध १९९९ साली प्रसिद्ध झाला. पुष्कळ फुले पूर्वीपेक्षा लवकर उमलत होती आणि कित्येक पक्षीही लवकर परतत होते. हवामान उष्ण होत चालल्याची ती खूण होती.