अ‍ॅम्बेसेडरचा डिस्ट्रिब्यूटर एमजीला चालेल का?

प्रश्न : आतेभावाने जुनी एमजीए १५०० घेतली आहे. तिच्या डिस्ट्रिब्यूटरचा शाफ्ट हलतो. आमच्या अंगणात अ‍ॅम्बेसेडर बंद पडून आहे. मिस्त्री म्हणतात, तिचा काढून लावा, एकच आहे. खरं का?
*— एक वाचक, कौंडण्यपूर*

उत्तर : बसेल, हे मिस्त्रींचं बरोबर. मात्र ‘एकच आहे’ हे मान्य करण्याआधी डिस्ट्रिब्यूटर उघडून पाहा.

मॉरिस ऑक्सफर्डच्या वंशातली अ‍ॅम्बेसेडर आणि इंग्लंडची एमजीए या दोन्ही गाड्यांत बीएमसी या ब्रिटिश कंपनीचं बी-सिरीज इंजिन होतं, दोन्हीकडे १४८९ सीसी. १९५५ ते १९५९ या काळातल्या एमजीए १५०० मध्ये तेच इंजिन जास्त कॉम्प्रेशन आणि दोन कार्ब्युरेटर घेऊन धावायचं. त्यामुळे ब्लॉकमधलं भोक, खालची खाच, फिरण्याची दिशा आणि १-३-४-२ हा फायरिंग क्रम सगळं जुळतं. तुमची अ‍ॅम्बेसेडर इसुझू इंजिनाची असेल तर मात्र हा विषय इथेच संपला. कुर्ल्याच्या प्रीमियर पद्मिनीचंही तसंच, तिचं इंजिन फियाटचं.

खरी गोष्ट पॉइंटच्या प्लेटखाली आहे. तिथे दोन वजनं आणि दोन स्प्रिंगा असतात. इंजिनाचा वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात आणि ठिणगी लवकर पडते. किती लवकर, हे त्या स्प्रिंगा ठरवतात आणि त्या प्रत्येक मॉडेलला वेगळ्या असतात. कमी कॉम्प्रेशनच्या कुटुंबाच्या गाडीचा हिशेब स्पोर्ट्स कारला लावला, तर मधल्या वेगात ठिणगी फार आधी पडू शकते. वऱ्हाडातल्या मे महिन्यात, पारा पंचेचाळिशीकडे असताना, इंजिन टकटक करू लागतं आणि ते तसंच चालवलं तर पिस्टन जातो. उलट झालं तर पिकअप मरतो, इंजिन तापतं.

म्हणून आधी आकडे वाचा. बॉडीच्या बाजूला डिस्ट्रिब्यूटर बनवणाऱ्या लुकास कंपनीचा क्रमांक कोरलेला असतो. वजनांजवळच्या पट्टीवर अंश लिहिलेले असतात. तिथे १० असेल तर क्रँकवर २० समजा, कारण डिस्ट्रिब्यूटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. व्हॅक्यूमच्या डबीवर ५-१७-८ असे तीन आकडे दिसले, तर पहिला म्हणजे पाऱ्याच्या किती इंचांवर ती ओढू लागते, दुसरा पूर्ण ओढण्याचा दाब आणि तिसरा अंश.

दोन्ही डिस्ट्रिब्यूटर एकाच मॉडेलचे निघाले, तर मी सुचवेन की अ‍ॅम्बेसेडरची घट्ट बॉडी आणि शाफ्ट ठेवा, पण पट्टी, स्प्रिंगा आणि व्हॅक्यूमची डबी एमजीएची घाला. एक स्प्रिंग जाड असते आणि गाडी बंद असताना ढिली दिसते. ती तशीच हवी. बरेच जण ती ‘खराब झाली’ म्हणून कापून ताणतात, आणि मग टायमिंग कितीही लावा, गाडी ओढत नाही. कॅप आणि रोटरची सरमिसळ करू नका. एमजीएनंतरच्या एमजीबीवरचा २५डी४ डिस्ट्रिब्यूटर आणि त्यानंतरचा ४५डी४ अख्खे बदलले तर बसतात, पण त्यांचे आतले भाग एकमेकांना लागत नाहीत.

काढताना एक नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशनला वर आणा, रोटर कुठे बघतो त्याची खूण करा आणि क्लॅम्पची पट्टी ब्लॉकला धरणारे दोन स्क्रू तेवढे सोडा. बसवल्यावर पॉइंटची गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवा. मग व्हॅक्यूमची नळी काढून, तोंड बंद करून, टायमिंग लाइटने वेगवेगळ्या वेगाला अंश लिहून घ्या आणि एमजीएच्या वर्कशॉप मॅन्युअलशी ताडून पाहा.

त्यानंतर नळी लावून गाडी चिखलदऱ्याच्या घाटात न्या आणि चढावर टॉप गिअरला हळूहळू अ‍ॅक्सिलरेटर दाबा. टकटक आली तर टायमिंग दोन अंश मागे घ्या. तरीही थांबली नाही तर स्प्रिंगा चुकल्या आहेत. झिजलेली मूळ बॉडी भंगारात देऊ नका. चांगला लेथवाला तिला नवा बुश बसवून देईल.