सर्व्हरचे ओळखपत्र : क्लाउडमधून घेताना काय पाहावे?

टेंडर भरताना लागणारी डिजिटल सही आमच्या व्यापारी बांधवांच्या परिचयाची आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० अन्वये परवाना मिळालेल्या संस्था ती देतात. कार्यालयातील सर्व्हरचे प्रमाणपत्र मात्र वेगळे. ते कार्यालयाच्या आतल्या ओळखीपुरते असते. टेंडरवर ते चालत नाही.

समजा, दालमिल अकोल्यात आहे आणि विक्री कार्यालय अमरावतीत. दोन्हीकडे एकेक डोमेन कंट्रोलर आहे, म्हणजे कोणाला लॉगिन द्यायचे हे ठरवणारा सर्व्हर. कर्मचारी स्मार्टकार्डाने लॉगिन करणार असतील, तर या सर्व्हरलाही आपली ओळख पटवावी लागते. पूर्वी त्यासाठी कार्यालयातच प्रमाणपत्र देणारा स्वतंत्र सर्व्हर ठेवीत. आता हे काम क्लाउडमधील सेवा करते आणि एका मशीनचा खर्च वाचतो. परंतु जुन्या पद्धतीत कंट्रोलरला प्रमाणपत्र आपोआप मिळे. येथे ती व्यवस्था आपण लावावी लागते.

प्रथम सेवा निवडताना विचारावे : कंट्रोलरला प्रमाणपत्र मिळेल काय? मायक्रोसॉफ्टची २०२४ साली आलेली क्लाउड पीकेआय ही सेवा इंट्यूनमध्ये नोंदलेल्या उपकरणांनाच प्रमाणपत्र देते, आणि विंडोज सर्व्हरची तेथे नोंद होत नाही.

त्यानंतरचा क्रम असा :

१. सेवेचे मूळ प्रमाणपत्र डोमेनच्या विश्वासू यादीत आणि एनटीऑथ या यादीत नोंदवावे. दुसरी नोंद राहिली तर कार्डाने लॉगिन होत नाही.

२. सेवेत कंट्रोलरचे अर्ज स्वीकारण्याची सोय चालू करून लांबलचक पासवर्ड ठरवावा.

३. प्रत्येक कंट्रोलरवर स्वतंत्र अर्ज करावा. त्यात त्या सर्व्हरचे पूर्ण नाव असावे. सर्व्हरची ओळख, क्लायंटची ओळख, स्मार्टकार्ड लॉगिन आणि केडीसी ओळख असे चार उपयोग नमूद असावेत. अकोल्याची खाजगी किल्ली अमरावतीला नेऊ नये.

४. मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरण व्हावे म्हणून रोज आपोआप चालणारे काम लावून ठेवावे.

५. रद्द प्रमाणपत्रांची यादी दोन्ही ठिकाणांहून उघडते का, हे तपासावे. इंटरनेट बंद पडून ही तपासणी अडली, तर कार्डाचे लॉगिन नाकारले जाऊ शकते. त्या वेळेसाठी पासवर्डची वाट मोकळी ठेवावी.

या सर्वांत दुसऱ्या कलमातील पासवर्ड आम्ही सर्वांत महत्त्वाचा मानतो. तो ज्याच्या हाती लागेल, त्याला आपणच कंट्रोलर असल्याचे भासवण्याचे साधन मिळते. काम बाहेरच्या इंजिनिअरकडून करून घेतले, तरी तो गेल्यावर पासवर्ड बदलावा आणि तिजोरीच्या किल्लीप्रमाणे मालकाने स्वतःजवळ ठेवावा.