त्वचेचा कौल

केसांना लावावयाच्या कलपाचा खोका उघडला, की आत घडी केलेला एक कागद सापडतो. कलप प्रथम कानामागे किंचित लावून पाहावा, निदान एक दिवस थांबावे, ही चाचणी प्रत्येक वेळी करावी आणि कलप भुवयांना किंवा पापण्यांना कधीही लावू नये, कारण त्यामुळे अंधत्व येऊ शकते, असे त्यावर छापलेले असते. बहुतेक लोक तो न वाचताच फेकून देतात. ज्याला सायंकाळी लग्नास जावयाचे आहे, तो दिवसभर कशाला थांबेल! परंतु या सूचनेमागे एक दुःखद इतिहास आहे.

१९३३ साली अमेरिकेत 'लॅश ल्युअर' नावाचा पापण्या काळ्या करण्याचा रंग विकला जात होता. कलपातील एक रसायन, पॅराफेनिलिनडायअमाइन, त्यात होते. त्या रंगाने कित्येक स्त्रियांचे डोळे सुजले. ओहायओ राज्यातील एका स्त्रीची दृष्टी कायमची गेली. दुसरी एक प्राणास मुकली. सरकारी अधिकाऱ्यांना हे सारे ठाऊक होते. पण त्यांचा नाइलाज होता. १९०६ सालच्या कायद्यात अन्न व औषधे यांचाच विचार केलेला होता, सौंदर्यप्रसाधनांचा नव्हता. १९३८ साली नवा कायदा झाला, तेव्हा कोठे तो रंग जप्त करता आला.

एक दिवस थांबावयाचे ते कशासाठी? विस्तवाचा चटका तत्क्षणी कळतो. ॲलर्जीचे तसे नाही. परका पदार्थ प्रथम त्वचेत शिरतो, तेव्हा शरीर मुकाट्याने त्याची ओळख ठेवते. पुढे तोच पदार्थ पुन्हा आला, म्हणजे रक्तातील विशिष्ट पांढऱ्या पेशी तेथे गोळा होतात. त्यांना एक-दोन दिवस लागतात. मग लाली, खाज, सूज दिसू लागते. म्हणूनच दहा वेळा निर्वेध लावलेला कलप अकराव्या वेळी बाधू शकतो.

या विलंबाचा उपयोग करून घेतला तो योसेफ याडासोन या जर्मन वैद्याने. पाऱ्याच्या औषधाने पुरळ उठणाऱ्या रोग्याच्या अंगावर त्याने पारा असलेली पट्टी चिकटवली आणि पट्टीखालीच पुरळ उठल्याचे १८९५ साली दाखवून दिले. आजही त्वचारोगतज्ज्ञ संशयित पदार्थ पाठीवर चिकटवून दोन दिवसांनी, आणि नंतर पुन्हा एकदा, त्वचेचे निरीक्षण करतात.

मध्यंतरी मात्र ही परीक्षा मुक्या जनावरांच्या वाट्यास आली. १९४४ पासून सशाच्या डोळ्यात व उघड्या त्वचेवर पदार्थ घालून पाहण्याची पद्धत रूढ झाली. माणसाने आपल्या शोभेसाठी सशाचे डोळे लाल करावेत, हे कोणाही सहृदय मनुष्यास रुचणार नाही. युरोपीय संघाने २००९ सालापर्यंत, तर भारताने २०१४ साली प्रसाधनांसाठी असे प्रयोग बंद केले. आता मानवी पेशींपासून प्रयोगशाळेत त्वचेचा पापुद्रा वाढवितात. त्यावर पदार्थ लावून धुतात आणि काही काळाने एक पिवळे द्रव्य घालतात. जिवंत पेशी त्याला निळे करतात. निळेपणा निम्म्याहून उतरला, तर पदार्थ दाहक ठरतो. परंतु तुमच्या-माझ्या त्वचेने कोणत्या पदार्थाशी वैर धरले आहे, ते त्या पापुद्र्यास सांगता येत नाही.

मेंदीचा स्वतःचा रंग तांबूस. तो चढावयास वेळ लागतो. जत्रेत मिळणारी 'काळी मेंदी' घटकेत काळीभोर रंगते, कारण तिच्यात पुष्कळदा कलपातील हेच रसायन मिसळलेले असते. लहानपणी अशा मेंदीने हात सुजला, तर मोठेपणी केसांना लावलेला कलपही बाधू शकतो.