गटाच्या ई-मेलमधला कामाचा मेल हरवू नये म्हणून

ताईंनो, मागच्या उन्हाळ्यात आपल्या एका गटाला मोहफुलाच्या लाडूचे नमुने मागणारा मेल आला. मुदत चार दिवसांची होती. गटाने तो पाहिला अकराव्या दिवशी. "मेल तं आलाच नाही आमाले," अध्यक्षताई सांगत होत्या, आणि त्या खोटं बोलत नव्हत्या. मेल 'स्पॅम'मध्ये जाऊन पडला होता. जीमेल उघडायला त्यांना मीच शिकवलं होतं, पण स्पॅम दाखवायचं माझ्याकडून राहून गेलं. म्हणून हा पाठ.

पहिले स्पॅमच पाहू. जीमेल उघडा, वर डाव्या कोपऱ्यातल्या तीन रेघा दाबा. खाली यादी उघडते, तिच्यात 'स्पॅम' आहे. जीमेलला जो मेल संशयाचा वाटतो तो तिथे जातो आणि 30 दिवसांनी आपोआप पुसला जातो. म्हणून आठवड्यातून एकदा तरी तिथे डोकवा. कामाचा मेल दिसला तर तो उघडून 'स्पॅम नाही' दाबा, तो इनबॉक्समध्ये परत येतो. याच यादीत 'प्रमोशन्स' दिसत असेल तर तेही पाहत जा. खरेदीदाराचा मेल कधी कधी जाहिरातींच्या गर्दीत तिथे बसलेला असतो.

आता तारा. प्रत्येक मेलच्या उजव्या बाजूला एक रिकामा तारा दिसतो. त्यावर बोट ठेवलं की तो पिवळा होतो आणि तो मेल 'तारांकित' यादीत दिसू लागतो. पण आपल्या बाया काय करतात, आलेल्या प्रत्येक मेलला तारा देतात! मग त्याचा उपयोग काय? माझं मत असं, की ज्या मेलवर अजून काहीतरी करायचं बाकी आहे त्यालाच तारा द्यावा: उत्तर पाठवायचं, कागद जोडायचा, बँकेत जायचं. काम झालं की तारा काढून टाका. मासिक बैठकीत फक्त तारांकित यादी वाचली तरी कोणतं काम अडलं ते सगळ्यांना कळतं.

तारा झाला करायच्या कामासाठी. जपून ठेवायच्या मेलसाठी 'लेबल' असतं. लेबल म्हणजे टोपली नव्हे, बोऱ्याला बांधलेली चिठ्ठी समजा. एका बोऱ्याला दोन चिठ्ठ्या बांधता येतात, तसं एका मेलला दोन लेबलं लागतात. जेम पोर्टलवरून हळदीची ऑर्डर आली तर तिला 'ऑर्डर' हे लेबल लावा आणि 'हळद' हेही लावा. मेल एकच राहतो, पण दोन्हीकडे सापडतो. सुरुवातीला चारच लेबलं पुरेत: बँक, ऑर्डर, परवाने, प्रभाग संघ. उद्यम नोंदणीचं प्रमाणपत्र, अन्न परवान्याचा कागद हे 'परवाने'मध्ये. वीस लेबलं केली तर कोणतं कुठे लावलं तेच आठवत नाही.

लेबल तयार करायला संगणक बरा. डाव्या यादीत 'लेबल'जवळचं अधिकचं चिन्ह दाबून नाव लिहा. नावाशेजारच्या तीन ठिपक्यांतून रंगही देता येतो. ऑर्डरला लाल द्या, लगेच नजरेत भरते. एकदा केलेलं लेबल फोनवरही दिसतं. फोनवर मेल दाबून धरला, वरचे तीन ठिपके दाबले की लेबल लावायची सोय मिळते.

संगणकावर बसलाच आहात तर 'फिल्टर'ही करून घ्या, कारण ते फोनच्या ॲपमध्ये होत नाही. शोधायच्या चौकटीच्या उजव्या टोकाचं चिन्ह दाबा, बँकेचा किंवा खरेदीदाराचा ई-मेल पत्ता लिहा, 'फिल्टर तयार करा' म्हणा. मग 'तारा लावा', 'लेबल लावा' आणि 'कधीही स्पॅममध्ये पाठवू नका' यावर खूण करा. त्या पत्त्यावरून येणारा मेल पुढे स्वतःच तारा आणि लेबल घेऊन येतो. लाडूवाल्या गटाने हे आधी केलं असतं तरी तो पहिला मेल वाचला नसता, कारण तो पत्ताच नवीन होता. नवीन माणसासाठी स्पॅम पाहण्याला पर्याय नाही.

एक सावधगिरी. 'खातं बंद होईल, ओटीपी द्या' असा मेल आला तर त्याला तारा नको, उत्तरही नको. पैसे गेलेच तर वेळ न घालवता 1930 वर फोन करा.

काही गटांचा ई-मेल नोंदणीपुरता काढला आणि नंतर कोणी उघडलाच नाही. दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल बंद करून पुसू शकतं, आणि त्यासोबत सगळे कागदही जातात. पासवर्ड गावातल्या एखाद्या पोराच्या डोक्यात असेल तर आजच तो गटाच्या वहीत लिहून घ्या, वही सचिवताईंच्या कुलपात ठेवा आणि लिहिलेला पासवर्ड बरोबर आहे का ते एकदा खातं उघडून पाहा.

भामरागड, एटापल्लीकडच्या ताईंसाठी: रेंज नसताना लिहिलेला मेल 'आउटबॉक्स'मध्ये थांबतो आणि रेंज आली की निघतो. तालुक्याला गेल्यावर आधी आउटबॉक्स रिकामा झाला का ते पाहा, मग बाजार करा.